मूत्रपिंडाचा विकार आणि एस. टी.चे भाडे



विलेम कोल्फ या डच डॉक्टराने 1943 साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, सेलोफेनची नळी फिरत्या पिंपाला गुंडाळून रक्त गाळणारे यंत्र उभे केले. पुढे 1960 साली सिॲटलच्या स्क्रिब्नर यांनी हातातील रक्तवाहिन्यांना कायम जोडून ठेवता येईल अशी नळी काढली, आणि मूत्रपिंडे निकामी झालेला मनुष्य वर्षानुवर्षे जगू लागला. यंत्रे मात्र मोजकी. ती कोणाला द्यावीत हे ठरविण्यासाठी तेथे नागरिकांची एक समिती बसत असे.

आमच्याकडे अशी समिती नाही. ते काम एस. टी.चे भाडे करते.

2016 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना हा उपचार मोफत मिळू लागला. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु डायलिसिस आठवड्यातून 3 वेळा, दर खेपेस सुमारे 4 तास करावे लागते. जाण्यायेण्यात उरलेला दिवस जातो. सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते. मग तिनाच्या दोन पाळ्या होतात, दोहोंची एक. रोगी सांगत नाही. पायांवरची सूज सांगते.

थायलंडने 2008 साली वेगळी वाट धरली. पोटात नळी बसवून घरच्या घरी द्रव सोडायचा आणि काढायचा, हाच उपचार सरकारी योजनेत प्रथम देण्याचे ठरविले. यात यंत्र नको, रोजची फेरी नको. हात मात्र स्वच्छ हवेत, नाहीतर पोटात जंतू शिरतात.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका शेतमजुराला ‘उपचार फुकट आहे, काळजी करू नका’ असे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले. गाव किती लांब, हे विचारलेच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने विचारले, ‘डॉक्टरसाहेब, शनिवारची पाळी सोडली तर चालंल का?’

मूत्रपिंड हे मोठे सोशिक इंद्रिय. निम्म्याहून अधिक काम थांबले तरी ब्र काढीत नाही. लघवीतील प्रथिन आणि रक्तदाब तपासले तर चाहूल लागते, आणि या तपासणीला खर्च तो किती! पूर्वी कोणी रक्तदाब मोजला होता का, असे आम्ही त्या गृहस्थांना विचारले. मोजला होता, सात वर्षांपूर्वी, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी. वाढलेला होता. गोळ्या दिल्या होत्या. महिनाभर घेतल्या, बरे वाटले म्हणून सोडल्या. पुन्हा कोणी विचारले नाही.