मोटारीतला दिवा आणि परतीची वाट



आता खेड्यापाड्यांतही मोटारी पुष्कळ झाल्या आहेत. पण कमी किमतीच्या गाडीला कारखान्यातूनच चोरघंटा, म्हणजे अलार्म, बसवून येतो असे नाही. मग मालक तालुक्याच्या दुकानात जाऊन तो बसवून घेतो. दुकानदार तास-दोन तासांत काम उरकतो, बटण दाबून भोंगा वाजवून दाखवतो, आपण पैसे मोजतो नि घरी येतो. रात्री ध्यानात येते की, दार उघडले तरी छताचा दिवा लागत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे दार लावले तरी तो विझत नाही.

एवढ्याशा दिव्याचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहा. छताचा साधा बल्ब १० वॅटचा धरला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून तो सुमारे ०.८ अँपिअर प्रवाह घेतो. गाडी उभी असताना तो एक दिवस आणि एक रात्र जळत राहिला, तर जवळजवळ २० अँपिअर-तास वीज खर्च झाली. लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. मग पहाटे बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ येते, आणि स्टार्टर नुसता कुरकुरतो.

आता या दिव्याची रचना पाहू. शाळेत विद्युतघंटेच्या प्रयोगात आपण दोन तारा जोडतो, एक जाण्याची आणि एक परतीची. मोटारीत परतीची वेगळी तार बॅटरीपर्यंत नेत नाहीत. गाडीचा लोखंडी सांगाडाच ते काम करतो. मिस्त्री लोक त्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. बहुतेक गाड्यांत छताच्या दिव्याला बॅटरीची वीज फ्यूजमधून सदैव पोचलेली असते. अडलेली असते ती परतीची वाट. दाराच्या चौकटीतले बटण दार लागले की दाबले जाते आणि वाट बंद होते; दार उघडले की ते बाहेर येते, तार सांगाड्याला टेकते आणि दिवा लागतो. चोरघंटेलाही दार उघडले की नाही हे कळायला हवे, म्हणून बसवणारा तिची एक तार याच परतीच्या तारेला जोडतो. तेव्हा दिवा आणि घंटा यांचे भांडण बहुधा या एकाच ठिकाणी असते. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणस आधी छत उचकटतो आणि मग डॅशबोर्ड.

दिवा अजिबात लागत नसेल तर हत्यार हाती घेण्यापूर्वी दिव्याजवळची खटकी पाहा. तिला साधारण तीन जागा असतात: चालू, बंद आणि दाराबरोबर. काम करताना ती ‘बंद’वर सरकलेली असणे अगदी शक्य आहे. ‘चालू’वर दिवा लागला, पण दाराबरोबर लागला नाही, तर बल्ब व फ्यूज ठीक आहेत, दाराकडची तार तुटली किंवा जोडायची राहिली. कोठेच लागला नाही तर बल्ब पाहा आणि फ्यूज पाहा. जोडणी करताना जिवंत तार सांगाड्याला लागली की फ्यूज उडतो. नवा फ्यूज मात्र तेवढ्याच अँपिअरचा घालावा. १० च्या जागी २० चा घालणे किंवा चकचकीत कागद गुंडाळणे म्हणजे तार पेटण्याची सोय करणे होय.

दिवा विझतच नसेल तर एकेका दाराचे बटण बोटाने दाबून पाहा. तरीही जळत राहिला, तर चोरघंटेच्या पेटीची दाराकडे जाणारी तार सोडवा. विझला? मग दोष पेटीकडचा. नाही विझला? मग एखाद्या स्क्रूखाली तार चेमटून तिचे वेष्टन फाटले आहे आणि ती सांगाड्याला टेकली आहे. पायरीच्या पट्टीखाली आधी शोधा.

कधी दिवा मंद, भुतासारखा, मिणमिणत राहतो. साध्या बल्बऐवजी एलईडी बसवला असेल तर हे घडते. पेटीतून अगदी क्षीण प्रवाह परत जात असतो. तेवढ्याने तापून प्रकाश देणारी तार उजळत नाही, एलईडी मात्र उजळतो. जुना बल्ब लावून पाहिला की उलगडा होतो.

काही गाड्यांत दार लावल्यावर दिवा हळूहळू मावळतो. तो मावळेपर्यंत घंटेला दार उघडेच वाटते आणि ती उगीच ओरडते. हा बिघाड नव्हे. घंटेला थोडा वेळ थांबण्याची सूचना देण्याची सोय असेल तर ती वापरावी. आणि प्रत्येक दाराची तार वेगळी असताना त्या सगळ्या एकत्र पिळून टाकल्या, तर मागचे दार उघडले तरी चालकाच्या दाराची खूण दिसू लागते. तेथे प्रत्येक तारेत एक डायोड हवा. तो प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. वर सांगितलेल्या रचनेत त्याची पट्ट्याची बाजू दाराच्या बटणाकडे ठेवतात.

एक इशारा देतो. अलीकडच्या गाड्यांत दाराची बटणे कुलपातच असतात आणि दिवा एका इलेक्ट्रॉनिक पेटीच्या हुकमाने चालतो. तेथे बल्बचा टेस्टर लावू नये, पेटी जळू शकते, मल्टिमीटरच वापरावा. पिवळ्या वेष्टनाच्या किंवा पिवळ्या जोडणीच्या तारांना हातही लावू नये, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. अशी गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर तार कापू देण्यापूर्वी विक्रेत्याला विचारलेले बरे.

सगळे दुरुस्त झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवून मध्ये मल्टिमीटर जोडा, १० अँपिअरच्या भोकात, आणि दारे लावून काही मिनिटे थांबा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका. घंटा सावध असतानाही आकडा काही दशक मिलिअँपिअरच्या आत स्थिरावला पाहिजे. तो अर्ध्या अँपिअरच्या पुढे राहिला, तर कोठेतरी एखादा दिवा अजून जळतो आहे, डिकीतलाही पाहा.