शक्तीचे खेळ आणि पोटाचा प्रश्न



आम्ही कामगार चळवळीतले. आमचे शिक्षण म्हणाल तर युनियनच्या कचेरीतल्या कायद्याच्या पुस्तकांवर झालेले. त्यामुळे शक्तीच्या खेळांवर बोलू म्हटल्यावर व्याख्यानमालेच्या चालकांना नवल वाटले. पण छातीवर घण झेलणारा माणूस आमच्या हिशेबी कामगारच आहे. विणकर हातांची मजुरी घेतो, हा अख्ख्या अंगाची घेतो.

गावाच्या पारापुढे ढोलकी वाजवून दोर बांधणारा डोंबारी थोरल्या मंडळींना आठवत असेल. दोन बाजूंना बांबूंच्या कैच्या, मध्ये दोर, वर हातात काठी तोलून चालणारी पोर. खाली जाळे नाही की गादी नाही. खेळ संपला की थाळी फिरे. या कष्टाला कायद्याने काय म्हटले पाहा. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे यांच्या मिषाने सार्वजनिक जागी पैसे मागणे हीसुद्धा भीकच धरली. मोबदला द्यायचा पाहणाऱ्याने, आणि भिकारी ठरायचे पोरीच्या बापाने!

त्याआधीची गोष्ट तर आपल्या सोलापूरची. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. भटक्या जमातींतली माणसे तेथे हजेरी देत आणि गिरणीत राबत. कायदा 1952 साली गेला. सेटलमेंट हे नाव शहराच्या तोंडी अजून आहे.

हाच खेळ तंबूत गेला तेव्हा त्याला तिकीट लागले, आणि तिकिटाबरोबर थोडा मानही आला. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली ग्रेट इंडियन सर्कस काढली. मागोमाग देवल आणि कार्लेकर यांच्या सर्कशी नावाजल्या. शक्तीच्या खेळांत मात्र देशभर नाव झाले ते आंध्रातल्या कोडी राममूर्तींचे. आपल्या तेलुगुभाषक विणकर बांधवांना त्यांचा अभिमान वाटावा. ते छाती फुगवून साखळी तोडीत, छातीवर फळी ठेवून वरून हत्ती चालवीत. यात जादू नाही आणि लबाडीही नाही. फळी वजन पसरवते, हत्ती वर मुक्काम करीत नाही, पाऊल टाकून उतरतो. आणि तेवढे क्षण छाती कोंडून धरायला अनेक वर्षांची मेहनत लागते. दगड फोडण्याचेही तसेच. लोकांना वाटते, जितका दगड मोठा तितका धोका मोठा. पण दगड पेलण्याजोगा असेल तोवर जडपणाच राखण करतो. जड दगड घणाच्या घावाने फारसा हालत नाही, घावाचा जोर दगड फुटण्यात जातो. हलकी फरशी घेणारा नवशिका बरगड्या मोडून घेतो. हे सारे उस्तादाला ठाऊक असते. फळी सरकली किंवा हत्ती बिचकला, तर मात्र उस्तादीही कामाला येत नाही.

मग भरपाई कोणी द्यायची? 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात हत्ती आणि वन्य प्राणी शिकवणारे, सांभाळणारे आले होते. चित्रपटनिर्मितीत काम करणारेही आले होते. ही ओळ प्रथम वाचली तेव्हा आम्हांला फार बरे वाटले. पण परिशिष्टात नाव असून भागत नाही, मालक दाखवावा लागतो. ठेकेदाराने सांगितले म्हणून एका दिवसासाठी उडी मारायला गेलेल्याजवळ कागद कुठला? यंत्रमागावरच्या बदली कामगाराची हीच रड आम्ही ऐकत आलो आहोत.

सिनेमाने तर नावच पुसले. ‘शोले’ 1975 चा. टांगा भरधाव हाकणारी बसंती सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या धोक्याच्या जागी हेमा मालिनींच्या ऐवजी रेशमा पठाण होत्या, हे कितीजणांना ठाऊक आहे? ‘कुली’च्या चित्रीकरणात 1982 साली अमिताभ बच्चन जखमी झाले तेव्हा देशभर नवस बोलले गेले. ते योग्यच झाले. पण बदली उडी मारणाऱ्याचा पाय मोडतो तेव्हा त्याच्या बायकोला कळायलासुद्धा संध्याकाळ होते.

जुलै 2025 मध्ये तमिळनाडूत मोटार उलटवण्याचा प्रसंग घेताना एक अनुभवी स्टंटवाला प्राणास मुकला. त्या वेळी वृत्तपत्रांत आले, की अक्षय कुमार यांनी 2017 पासून सहा-सातशे स्टंटवाल्यांचा विमा स्वतःच्या पैशाने उतरवला आहे. त्या नटाला आमचा नमस्कार. पण ज्याच्या चित्रपटासाठी मोटार उलटते त्या निर्मात्याने हप्ता का भरू नये, हा प्रश्न नमस्कार करूनही उरतोच. दात्याचे मन बदलले, किंवा त्याचे दिवस फिरले, तर सहाशे घरांनी कोणाकडे पाहावे?

आपल्याकडच्या विडी कामगार बायांना 1976 च्या कल्याण निधीच्या कायद्याने ओळखपत्र मिळाले. सिनेमा कामगारांसाठी तसा कायदा 1981 साली झाला. विडीवाली बाई ते कार्ड ट्रंकेत तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवते. दवाखाना आणि पोरांची शिष्यवृत्ती त्यावर अवलंबून असते. स्टंटवाल्यासाठी आमचे मागणे त्याहून एक ओळ जास्त आहे: उडीच्या आधी, उडीनंतर नव्हे, कागदावर त्याचे नाव, दिवस, उडी किती उंचीवरून आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढे लिहून खाली सही व्हावी.