यंत्रमाग, इंटरनेट आणि आपली भीती



मालेगाव, भिवंडी येथील असंख्य मुस्लिम घरांची चूल यंत्रमागावर पेटते. त्याच धंद्यातील एका नव्या गोष्टीविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. यंत्रावर लहानसा सेन्सर बसवायचा. यंत्र किती चालले, केव्हा थांबले ही नोंद त्याने इंटरनेटमार्फत मालकाच्या मोबाईलवर पाठवायची. या व्यवस्थेस ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणतात. हे नाव केविन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये दिले.

कारखानदार म्हणतात, “माग डोळ्यांसमोर आहेत, मग हे खूळ कशाला?” उत्तर हिशेबानेच देऊ. मिनिटाला १२० पिक मारणारा माग बारा तासांच्या पाळीत अखंड चालला, तर ८६,४०० पिक होतील. समजा, नोंद ६०,४८० ची आली. म्हणजे माग ३ तास ३६ मिनिटे उभा होता. इंचाला ६० पिक धरले, तर १२ वार कापड बुडाले. तेही एका मागावर, एका पाळीत! ताण्याचा धागा तुटला, कांडी संपली, वीज गेली, की सूतच आले नाही? सेन्सर वेळ सांगतो. कारणासाठी कारागिराने एक बटण दाबायचे. काही थांबणे टळत नाही, परंतु जे टळण्याजोगे आहे ते तरी कळते.

या विचाराचे मूळ जुने आहे. जपानचे साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग आपोआप थांबे. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला, तेथील प्लॅट ब्रदर्स कंपनीने १९२९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. शिकण्यात कमीपणा कसला?

तरीही विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणू नका. १८११ मध्ये नॉटिंगहॅमच्या कामगारांनी विणकामाची यंत्रे फोडली, ती मजुरी बुडण्याच्या भीतीने. आपल्या कारागिरालाही वाटते, हा सेन्सर म्हणजे माझ्यावरचा पहारा! त्याची मजुरी कापडावर ठरते. माग कमी थांबला तर त्याच्याही पदरात चार पैसे जास्त पडतील. मात्र मालकाने आधी शब्द द्यावा, की या नोंदीवरून कोणाची मजुरी कापणार नाही. आणि तो पाळावा.

दुसरी भीती गुपित फुटण्याची. तीही खोटी नाही. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले, कारण त्यांचे मूळ पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. म्हणून पहिल्या दिवशी पासवर्ड बदला; नोंदी कोठे साठतात, कोण पाहतो, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

तिसरी भीती खर्चाची. सगळा कारखाना एकदम बदलू नका. चार मागांवर महिनाभर पाहा, हिशेब जुळला तर पुढे जा.

राहिला प्रश्न, “बिघडले तर दुरुस्त कोण करणार?” मित्रांनो, याचे उत्तर तुम्ही आहात. पालकांनो, मुलगा आय.टी.आय. ला जातो म्हणाला, मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकते म्हणाली, तर अडवू नका. वडिलांना मागाचा आवाज कळतो, मुलांना सेन्सरची भाषा कळेल. दोघे एका मागापाशी उभे राहिले, तरच हा धंदा पुढच्या पिढीला पोसेल.

अल्लाह आपल्या प्रयत्नांना यश देवो. खुदा हाफिज.