प्रा. दि. ब. देवधर : वय आणि खेळ



क्रिकेटपटूची योग्यता मोजावयाची झाली, कीं आपण प्रथम विचारतों, तो किती कसोटी सामने खेळला? प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर शून्य असें येतें. तरीहि दोन महायुद्धांच्या मधल्या काळांतील महाराष्ट्राचें क्रिकेट म्हणजे देवधर, असें म्हटल्यावांचून गत्यंतर नाहीं. हा विरोध कसा उद्भवला, तें आज पाहावयाचें आहे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृतचे प्राध्यापक होते. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत ते १९११ सालीं उतरले. पण त्या काळीं बहुतेक हिंदी खेळाडूंना कसोटी सामना ठाऊक होता तो केवळ वर्तमानपत्रांतून.

१९२६ च्या अखेरीस आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखालीं एम्. सी. सी. चा संघ हिंदुस्थानांत आला. मुंबईस हिंदूंच्या संघाकडून कर्नल सी. के. नायडूंनीं १५३ धांवा झोडपल्या, आणि अखिल हिंदी संघाकडून देवधरांनीं १४८ धांवा केल्या. येथील खेळाडू बरोबरीच्या नात्यानें खेळूं शकतात, अशी गिलिगनची खात्री पटली. त्यानें सर्व देशासाठीं एक नियामक मंडळ असावें, असा आग्रह धरला. तें मंडळ १९२८ सालीं स्थापन झालें. २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सवर हिंदुस्थान आपला पहिला कसोटी सामना खेळूं लागला. दार उघडलें होतें. पण तें उघडण्यास ज्यांच्या बॅटीचा हातभार लागला, ते देवधर संघांत नव्हते. त्यांना चाळिसावें वर्ष उलटलें होतें.

वय झालें, हें कारण सामान्यतः सांगितलें जातें. तें कितपत टिकतें? त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९३० सालीं, इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स वेस्ट इंडीजमध्यें कसोटी सामना खेळला, तेव्हां तो ५२ वर्षांचा होता!

देवधरांनीं या आक्षेपाला उत्तर दिलें तें मैदानावर. रणजी करंडकाचे सामने १९३४ पासून सुरू झाले. देवधरांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा तो करंडक जिंकला. यांपैकीं पहिल्या वर्षीं, पुण्यांतच, त्यांच्या संघांतील तरुण विजय हजाऱ्यांनीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या. दुसऱ्या वर्षीं गांठ पडली ती बलाढ्य मुंबईशीं. महाराष्ट्राच्या ६७५ धांवांपुढें मुंबईनें ६५० पर्यंत मजल मारली. अवघ्या २५ धांवांचें अंतर राहिलें. त्या ६७५ मध्यें ४८ वर्षांच्या कर्णधाराच्या एकट्याच्या २४६ होत्या. पुढें १९४४ सालीं नवानगरविरुद्ध त्यांनीं दोन्ही डावांत शतकें काढलीं, १०५ आणि १४१. त्या वेळीं त्यांचें वय होतें ५२, म्हणजे ऱ्होड्सएवढेंच.

मानसन्मान पुढें आले. १९७३ पासून खेळल्या जाऊं लागलेल्या एका करंडकास त्यांचें नांव मिळालें. १९९१ सालीं पद्मभूषण झाले. आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजीं, आयुष्याचें शतक पूर्ण करून, त्यांनीं जगाचा निरोप घेतला. पिंपरी-चिंचवडलगत गहुंजे येथें २०१२ सालीं महाराष्ट्राचें नवें मैदान उभें राहिलें. पुणें परिसरांतील पहिला कसोटी सामना तेथें झाला, तो फेब्रुवारी २०१७ मध्यें. लॉर्ड्सच्या त्या सामन्यानंतर जवळजवळ ८५ वर्षांनीं.

आज निगडी-आकुर्डीचीं मुलें बॅट घेऊन मैदानाकडे जातात. निवड होणें वा न होणें हें दुसऱ्यांच्या हातीं असतें. निवड न झाल्यावरहि खेळत राहणें मात्र आपल्या हातीं असतें. कसोटीचा शिक्का न मिळतांहि माणूस कसोटीस कसा उतरतो, हें त्या मुलांना देवधरांच्या खेळावरून उमगावें, इतकीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.