शोकाचे साधारणीकरण : एका रुग्णालयकथेच्या निमित्ताने



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्याकडे मी साहित्यशास्त्राचे पहिले धडे घेतले. जुना सिद्धान्त आजच्या कलाकृतीला लावून पाहावा, असा त्यांचा आग्रह असे. त्या आग्रहाला स्मरून आज मी एका दूरदर्शन मालिकेविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी काहींना विषय हलका वाटेल. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न हलका नाही.

'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' ही सिएटल शहरातील एका कल्पित रुग्णालयाची अमेरिकन मालिका २००५ साली सुरू झाली. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे तिचे चित्रीकरण थांबले, तेव्हा नटांसाठी ठेवलेले गाऊन आणि हातमोजे खऱ्या डॉक्टरांच्या उपयोगासाठी देण्यात आले. सोंगाचा वेष सत्याच्या कामी आला! पुढे १२ नोव्हेंबर २०२० रोजी सतरावे पर्व सुरू झाले, आणि त्याचे कथानक त्याच वर्षीच्या एप्रिलमधील करोनाच्या दिवसांत ठेवण्यात आले.

या पर्वातील १० डिसेंबरचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. डॉ. मिरांडा बेली ही तेथील शल्यविभागाची प्रमुख. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली तिची वृद्ध आई करोनाबाधित होऊन तिच्याच रुग्णालयात येते. इतरांना जगवण्यात आयुष्य घालवलेल्या या मुलीच्या हाती आता एकच गोष्ट उरते : आईजवळ असणे. संरक्षक पोशाखात ती खाटेशी बसते आणि आईसाठी गाते. चॅन्ड्रा विल्सन यांचा अभिनय येथे अत्यंत संयत आहे. मुखपट्टीमागे झाकलेल्या चेहऱ्यावर केवळ डोळे बोलतात.

आता शास्त्राकडे वळू. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. जो आपल्या दुःखात बुडाला आहे, त्याचे चित्त दुसऱ्याच्या कथेत कसे रमावे? डिसेंबर २०२० मध्ये हे विघ्न एकट्यादुकट्या प्रेक्षकापुढे नव्हते, साऱ्या प्रेक्षकवर्गापुढे होते. शोक रंगभूमीवरही होता आणि प्रेक्षागारातही. मग येथे करुणरस निष्पन्न होणार कसा? या विघ्नावरचा उपायही आचार्यांनी सांगून ठेवला आहे, आणि त्यात वाद्य व गायन यांना स्थान आहे. सहस्र वर्षांपूर्वीच्या या काश्मिरी पंडिताचे नावही ज्या लेखकांच्या कानी बहुधा गेले नसेल, त्यांनी नेमक्या त्याच क्षणी गाण्याचा आश्रय घ्यावा, याचे मला नवल वाटते. त्या गाण्याने बेलीचे दुःख तिच्या एकटीचे राहत नाही. यालाच आपण साधारणीकरण म्हणतो.

एप्रिल २०२१ मध्ये माझी थोरली बहीण करोनाने गेली. आम्हा भावंडांना तिच्याजवळ जाता आले नाही. तुळशीपत्र, गंगाजल हे सारे मनातल्या मनातच राहिले. त्यानंतर कित्येक महिन्यांनी नातीने हा भाग मला दाखवला, तेव्हा मला रडू आले आणि बरेही वाटले. वास्तवाने आम्हाला जो निरोप नाकारला होता, तो त्या परक्या मुलीने आमच्या वतीने घेतला, असे वाटले.

परंतु टीकाकाराने येथेच थांबता कामा नये. बेलीला आत जाता आले, कारण ती त्या रुग्णालयातली अधिकारी होती. दाराबाहेर राहिलेल्या लक्षावधी लेकींची कथा याहून वेगळी आहे. शिवाय करमणुकीच्या धंद्याला विस्मरणाची घाई असते. 'द गुड डॉक्टर' या दुसऱ्या लोकप्रिय रुग्णालयमालिकेने याच नोव्हेंबरात दोन भागांत महासाथ दाखवली आणि पुढचे कथानक साथीनंतरच्या काळात नेले. त्या मालिकेला दोष देण्याचे कारण नाही. थकलेल्या माणसाला उद्याचे स्वप्नही हवे असते. मात्र ज्यांचा शोक अपुरा राहिला, ते दोन भागांत पुढे जाऊ शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. घराघरांतला शोक अशा घोषणेने संपत नसतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. २०२० आणि २०२१ मध्ये या शाळेच्या परिवारातील जे शिक्षक, शिपाई, पालक आणि माजी विद्यार्थी गेले, त्यांच्याविषयी त्यांच्या माणसांनी चार-चार ओळी लिहाव्यात आणि शाळेने त्या जपून ठेवाव्यात. भाषासौष्ठवाची चिंता नको. त्यांना कोणते गाणे आवडे, एवढे लिहिले तरी पुरे. जे अखेरच्या क्षणी सांगता आले नाही, ते सांगण्याची सोय भाषेत असते. व्याख्यानमालेला आपण 'स्मृती' हे नाव देतो, ते अशा कामाने सार्थ व्हावे.