टेबलाचं तेल आणि तेलाचं फडकं



राजारामपुरीत आमच्या बचत गटाची मेस सुरू झाली, तेव्हा आम्ही एक जुनं सागवानी जेवणाचं टेबल घेतलं. ऐन पावसाळ्यात त्याला जवसाचं तेल, म्हणजे लिनसीड, भरपूर चोपडलं आणि तसंच सोडलं. आठवड्याने बघतो तर कुठे चिकट चकाकी, कुठे कोरडे चट्टे. ताट उचलावं तर चिकटलेलं! तेल लावणारी मैत्रीण अगदी गप्प झाली. सुताराकडून नवं पॉलिश करायचं तर गटाची शिल्लक मोडावी लागणार होती. शेवटी आम्हीच पदर खोचला.

चूक तिच्या एकटीची नव्हती, माहिती कुणालाच नव्हती. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं. थर जाड असला की वर साय धरते आणि आत ओलं राहतं. थंड, दमट हवेत आणखी वेळ लागतो. शेंगतेल तर असं वाळतच नाही, खवट होतं. ते लावू नका.

दुरुस्ती अशी केली. खिडक्या उघडल्या, गॅस बंद ठेवला. टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवून चिकटा पुसला. टेबल वाळल्यावर आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासलं. नुसते चट्टे नाही, सगळा पृष्ठभाग. नाहीतर रंग पुन्हा वेगळा दिसतो. धूळ पुसून निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन असा पातळ हात दिला. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढलं. बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दुसरा हात दिला. दुकानातल्या ‘डबल बॉइल्ड’ तेलात वाळवणारी द्रव्यं असतात, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत टेबलावर अन्न ठेवलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि काडी न लावताही फडकं पेट घेऊ शकतं. ते घराबाहेर मोकळं पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

आमचं टेबल आता एकसारखं दिसतं. आणि नव्या बायकांना तेल लावायला शिकवते, ती तीच मैत्रीण.