पापुद्र्यांचा कोन



शिसपेन्सिलीत शिसे नसते, हे आपण शाळेतच ऐकले. तिच्यात असते ग्राफाइट, म्हणजे एकावर एक रचलेले कार्बनचे पापुद्रे. पापुद्र्यातले अणू षट्कोनी जाळीत घट्ट बांधलेले. पापुद्र्यांचे आपसांतले नाते मात्र सैल. म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. मँचेस्टरच्या गाइम व नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने सोलीत सोलीत एकेरी पापुद्रा वेगळा केला व २००४ साली त्याचे गुण जगापुढे मांडले. हेच ग्राफीन.

एका अणूच्या जाडीची वस्तू दिसावी कशी? पण ती पडलेल्या प्रकाशाचा शेकडा २.३ भाग शोषते. दोन पापुद्रे सुमारे दुप्पट. उजेडावरून थर मोजावेत! २००८ साली हे मापन प्रसिद्ध झाले. गंमत अशी की, वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तराला १३७ने भागले की हाच आकडा येतो. आणि १३७ हा कार्बनच्या घरचा नव्हे, प्रकाश व विद्युत्कण यांच्या मूळ नात्यातला आकडा आहे.

आम्हांला याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. मलमलीचे दोन पदर उजेडासमोर धरून एक किंचित फिरवा. विणीहून कितीतरी मोठी नक्षी उठते. दोन ग्राफीन एकमेकांशी १.१ अंशाच्या कोनात ठेवले, तर अशीच नक्षी उठते; तिचे एक घर मूळ जाळीच्या घराच्या सुमारे ५० पट. या कोनात विद्युत्कण मंदावतात आणि मग एकमेकांची दखल घेऊ लागतात. कोनाचे हे भाकीत २०११ साली बिस्ट्रिट्झर व मॅक्डोनल्ड यांनी गणिताने केले होते. २०१८ साली अमेरिकेतील एम.आय.टी.त हारिल्लो-एर्रेरो यांच्या गटाने पाहिले, की असा जोडपापुद्रा थंड केल्यावर वीज अडवतो. आणि बाहेरून विजेचा दाब देऊन त्यातील विद्युत्कणांची संख्या थोडी बदलली, की तोच विनाविरोध वीज वाहू देतो. अणू तेच, भेसळ कसलीही नाही!

पदार्थाचे गुण तो कशाचा बनला यावर ठरतात, असे आपण धरून चालतो. येथे नुसत्या कोनाने गुण पालटले.

घरातल्या तारा उद्या याच्या होतील, असे कोणी सांगितल्यास मात्र विश्वास ठेवू नये. हा चमत्कार उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास घडतो. विद्युत्कणांच्या जोड्या तेथे नेमक्या कशाने जुळतात, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.